वीतभर अंतर

ओहोटीला निपाच्या रानातलं पाणी उतरलं की लुमिंग चौकड्याची लुंगी गुडघ्यावर खोचून चिखलात उतरायची. निपाला खोड असं नसतंच. माडाचा शेंडा कापून कुणी खाडीत रोवावा तशी ती झाडं. कोयता खाली बुंध्याशी घालायचा, पान अंगावर येऊ द्यायचं नाही आणि मधली कोवळी पानं राखायची, नाहीतर झाड रुसतं. हे तिला तिच्या आजीनं शिकवलं होतं. आजीनं आणखीही पुष्कळ शिकवलं होतं.

हे काम एकटीचं नव्हे. एकीनं कापायचं, दुसरीनं ओढून काठाशी आणायचं. बुलाक म्हशीच्या मागं बांबूची घसरगाडी जोडून भारे घरी न्यायचे आणि मग फळीवर समोरासमोर बसून छपराची झापं शिवायची. पान दुमडून कामटीवर घालायचं, पुढचं पान त्याच्यावर अर्धं चढवायचं, सालपटाचा टाका ओढायचा. हात चालत आणि हातांच्या दुप्पट तोंडं चालत. लुमिंगसमोर शेजारची नेलिया बसायची. नेलिया एकदा हसायला लागली की टाके वाकडे पडत आणि मग लुमिंग ते उसवून पुन्हा घालायची.

आता समोरची जागा रिकामी होती. गावच्या संताच्या सणाआधी नेलियाला सहावा महिना होता. एका दुपारी ती फळीवरून उठताना लुमिंगनं तिला हात दिला, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाटोळं आहे गं. मुलगी बघ." आठवड्याच्या आत नेलियाचं मूल पोटातच गेलं. तिच्या सासऱ्यानं छपरावर चढून पाहिलं, तर तिच्या चटईच्या बरोब्बर वर दोन झापांमधला टाका सुटलेला. करंगळी जाईल एवढी फट. अस्वांग दिवसा तुमच्याआमच्यासारखी बाई असते, रात्री तिची जीभ दोऱ्याएवढी बारीक होते आणि छपरातून खाली सुटून गरोदर बाईच्या पोटातलं मूल शोषते, हे लाबनाय गावात कुणाला शिकवावं लागत नाही. आणि ते छप्पर शिवलं होतं कुणी?

एकदा एवढं ठरल्यावर बाकीचं आपोआप जुळत गेलं. तिचे डोळे लाल. डासांसाठी धुरी पेटवून जन्मभर चिखलात काम केलेल्या बाईचे डोळे लाल नसतील तर काय निळे असतील? पण धुरी गावानं इतकी वर्षं पाहिली होती आणि डोळे आत्ता पाहिले. नवरा गेल्यापासून ती एकटी राहायची. रात्री तिच्या घरात दिवा असला तर लोक म्हणत, जागी का आहे? नसला तर म्हणत, गेली कुठं?

अस्वांगाच्या डोळ्यात बघितलं तर बघणारा त्यात उलटा दिसतो, डोकं खाली, पाय वर. ही एकच खूण पक्की. म्हणून आता लुमिंगच्या डोळ्यात कुणीच बघत नव्हतं. लोक बोलत ते तिच्या खांद्याशी, तिच्या कोयत्याशी, तिच्या मागच्या माडाशी. कुणी शिवी दिली असती तरी चालली असती, पण तिच्याकडे बघून दिली असती तर.

तिची एकुलती एक लेक फेलिसा नदीच्या पलीकडच्या काठावर दिली होती, आणि फेलिसाचे दिवस भरत आले होते. लुमिंगला जगात दुसरं काही नको होतं. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला आपण तिच्या उशाशी असावं, एवढंच.

एका सकाळी पलीकडून ठोकाठोक ऐकू आली. लुमिंग भारा टाकून काठावर आली. जावई सेल्सो छपरावर उभा होता आणि झापं उपसून खाली फेकत होता. लग्नात लुमिंगनंच ते छप्पर शिवून दिलं होतं, दुहेरी टाक्याचं. दुहेरी टाका कुणी विकत मागत नाही, तो पोटच्या पोरीसाठीच घालतात. अंगणात सेल्सोची आई क्रिसान्ता लांब काठीनं झापं ढकलून पेटवत होती. वाळलेलं निपा लगेच पेटतं, आवाज करतं. नव्या छपराचे पत्रे होडीतून आले होते आणि काठावर चकाकत होते.

"बलाये!" लुमिंगनं नदीवरून हाक मारली. विहिणी एकमेकींना तसंच म्हणतात. "बलाये, छप्पर चांगलं होतं गं! अजून पाच पावसाळे काढले असते त्यानं!"

क्रिसान्तानं मान वर केली नाही. "फटी होत्या," ती आगीकडे बघून म्हणाली.

"कुठंय फट? दाखव ना मला."

"दिसत नाहीत त्याच वाईट."

सेल्सो वरून क्षणभर इकडे बघत राहिला, मग पाठ करून पत्रा ओढायला लागला. बिचारा वाईट नव्हता. लग्नाआधी लुमिंगकडे निपा ओढायला आला होता आणि तिच्याच हातचं जेवून गेला होता.

मीठ संपलं तेव्हा लुमिंग चारिंगच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे घराची खिडकी. खिडकीपुढच्या बाकावर दोघी-तिघी बसल्या होत्या, त्या तिला बघून सरकल्या नाहीत, उठल्याच. चारिंग एरवी मीठ पानात बांधून द्यायची. आज तिनं उघडं मीठ फळीवर ओतलं.

"घे मानांग," ती म्हणाली; थोरल्या बाईला असंच म्हणतात. "हातानं घे."

अस्वांगाला मीठ सोसत नाही. बायका माना लांब करून बघत होत्या. लुमिंगच्या लक्षात आलं आणि तिचे कान तापले. तिनं चिमूट उचलली, जिभेवर ठेवली, तोंड मिटलं.

"गिळलं का?" एकीनं कुजबुजत विचारलं.

"जिभेखाली धरलं असणार. बाहेर जाऊन थुंकेल."

लुमिंगनं तोंड उघडून जीभ दाखवली, डॉक्टरला दाखवतात तशी. बायका किंचाळून मागं झाल्या, एकीचा पाय कोंबडीवर पडला, कोंबडी कोकलत उडाली. एरवी ह्या प्रसंगावर गाव महिनाभर हसलं असतं, आणि सगळ्यात आधी लुमिंग. घरी जाताना ती वाटेत थांबली. मीठ घशाशी झोंबत होतं. आधी कधी असं झोंबलं होतं का, हे तिला आठवेना.

तिथूनच वाईट सुरू झालं. पाद्री महिन्यातून एकदा येई, त्या रविवारी ती चॅपलमध्ये शेवटच्या बाकावर बसली. तो बाक सगळा तिचाच होता. पाद्र्यानं जिभेवर प्रसादाची पांढरी पातळ चकती ठेवली. ती टाळूला चिकटली. ती सगळ्यांच्याच टाळूला चिकटते, लहानपणी लुमिंग जिभेनं ती सोडवत खेळायची. पण आज तिनं मनात म्हटलं, देवानं मला नाकारलं की काय? गुडघ्यावर बसून ती गिळत राहिली. तोंडाला कोरड पडली होती. मरियेचा पुतळा नेहमी तिच्याकडे बघतोय असं तिला वाटायचं, तो आज दाराकडे बघत होता.

बाहेर चिंचेखाली फेलिसा उभी होती. पोट पुढं आलेलं, पाय सुजलेले. सासू पाद्र्याशी बोलण्यात गुंतली होती म्हणून तेवढी सवड मिळाली होती.

"इन्दाय," लुमिंग म्हणाली. आपल्याकडे आईला नानाय तशी लेकीला इन्दायच म्हणतात, कितीही मोठी झाली तरी. "पाय किती सुजलेत गं! पाणी पितेस ना नारळाचं?"

"पिते." फेलिसा चिंचेच्या मुळाकडे बघत होती. "नानाय, तू येऊ नकोस."

"कधी?"

"तेव्हा. सेल्सोची आई म्हणते, तू आलीस तर ती सुईणीला घरात येऊ देणार नाही."

"ती म्हणेल. तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार? मला झोप लागत नाही. रात्री पत्रा वाजतो. ती उठते, दिवा घेऊन आधी छप्पर बघते, मग मला बघते. तिला वाटतं आईकडून लेकीकडे जातं ते. माझ्या जेवणात मीठ जास्त घालते आणि मी खाते का ते बघते." तिचा आवाज चिरकला. "मी खाते गं. सगळं खाते."

लुमिंगनं हात पुढं केला, मग परत घेतला. पोटाकडे हात नेणं बरं दिसलं नसतं.

"तुला काय वाटतं माझ्याबद्दल? खरं सांग."

फेलिसानं पायानं चिंचेचं टरफल सरकवलं. मग म्हणाली, "तूच सांगायचीस ना मला लहानपणी, झोपत नसले की. बालबिनाची गोष्ट. तिच्या डोळ्यात तू उलटी दिसलीस म्हणून."

"हो. सांगायचे."

"ते खरं होतं ना, नानाय?"

नदीच्या पायऱ्या लुमिंगला आत्ता समोर असल्यासारख्या दिसत होत्या. ती सात-आठ वर्षांची, अंगात सणाचा लाल झगा. खाली बालबिना धुणं धूत बसलेली, म्हातारी, एकटी. आजीनं तिला पाठीला धरून पुढं केलेलं: बघ, बघ तिच्या डोळ्यात, पोरांना दिसतं. बालबिनानं मान वर केली होती. "दिसलीस का उलटी?" आजीनं विचारलं. आणि लुमिंगनं सांगितलं, दिसले. लाल झगा वर, डोकं खाली. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. त्याच संध्याकाळी गावानं बालबिनाचं घर जाळलं. ती काखेत एक कोंबडी घेऊन होडीत बसली आणि गेली. कुठं गेली ते कुणी विचारलं नाही.

खोटं होतं म्हटलं असतं तर लेक हातात आली असती. एका शब्दाचं काम होतं. पण पाहिलेलं न पाहिलेलं कसं करायचं? आणि देवाच्या दारात?

"खरं होतं," लुमिंग म्हणाली.

फेलिसानं मान हलवली, जणू तिला हेच ऐकायची भीती होती, आणि पोटाखाली हात धरून सासूकडे चालत गेली.

त्यानंतर लुमिंग रात्री झोपताना स्वतःचा पाय घराच्या खांबाला सालपटानं बांधायला लागली. आपल्याला न कळत आपण उठून जात असलो तर? सकाळी गाठ जशीच्या तशी असे. तिला हायसं वाटे, पण ते चूल पेटेपर्यंतच टिके. अस्वांगाला गाठ सोडता येते तशी बांधताही येत असेल, असं तिच्या मनात येई. मनाला एकदा कीड लागली की ते काय कुठंही पोखरतं.

आषाढासारखं आभाळ रोज भरून यायचं आणि न पडताच जायचं, अशा उकाड्याच्या दिवसांत फेलिसाच्या कळा सुरू झाल्या. लुमिंगला कुणी निरोप दिला नाही. सकाळी सुईण होडीतून पलीकडे गेलेली तिनं पाहिली. मग आवाज यायला लागले. नदी अरुंद होती, सगळं ऐकू येत होतं. ती शिवत बसली. टाका घालायची, उसवायची. सूर्य डोक्यावर आला तरी आवाज थांबेनात, तेव्हा तिनं कामटी टाकली आणि होडी सोडली.

सेल्सोच्या अंगणात अर्धा गाव जमला होता. घराभोवती मिठाची रेघ ओढली होती. सेल्सो शिडीच्या पायथ्याशी उभा होता आणि त्याच्या हातात पाकट माशाचं वाळवलेलं शेपूट होतं, काटेरी, चाबकासारखं. अस्वांगाला याची सगळ्यात जास्त भीती. त्यानं ते हातात असं धरलं होतं, जसं दुसऱ्याचं लेकरू कुणी थोडा वेळ धरायला दिलंय. दाराच्या चौकटीला, पत्र्याच्या कडेखाली, खोबरेलाची बाटली टांगली होती. गावचा जाणता तियो इस्को दर गुड फ्रायडेला डोंगरात जाऊन मंत्र म्हणून ते तेल काढतो. अस्वांग जवळ आली की तेल आपोआप फसफसतं.

लुमिंग अंगणाच्या कडेला, उन्हात, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली. खांबांवरच्या घराखाली सावली होती, पण अस्वांग तिथंच दबा धरते म्हणतात, तिकडं गेली असती तर मेलीच असती.

"मी आत येत नाही," ती म्हणाली. "इथंच उभी राहते. तिला फक्त सांगा मी आलेय."

"सांगायला कशाला हवं?" क्रिसान्ता वरून म्हणाली. "तुझ्या पायगुणानं कळा अडल्यात. सकाळी बऱ्या चालल्या होत्या."

"मी तर आत्ता आलेय गं, बलाये!"

"दिसलीस आत्ता."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. लुमिंगनं सगळ्यांकडे पाहिलं. प्रत्येकाची नजर खाली, नाहीतर बाजूला. नेलियाही होती, सगळ्यांच्या मागं. ती वाळून काटकी झाली होती.

"कुणीतरी एकानं या," लुमिंग म्हणाली. "जवळ या आणि माझ्या डोळ्यात बघा. उलटे दिसलात तर घाला मला ते शेपूट. मी हलणार नाही. सेल्सो, तू ये. तू माझ्या घरी जेवलायस."

सेल्सोनं शेपूट ह्या हातातून त्या हातात घेतलं. तो आला नाही. कुणीच आलं नाही.

तियो इस्को म्हातारा, सज्जन माणूस होता. लुमिंगच्या नवऱ्याच्या तापात तो तीन रात्री उशाशी बसला होता. तो हळूच म्हणाला, "डोळ्यात कशाला बघायचं बाळ? इथं बघ. तूच बघ." आणि त्यानं बाटलीकडे बोट दाखवलं.

लुमिंगनं पाहिलं. तेलात बुडबुडे होते. काचेला चिकटलेले बारीक बुडबुडे एकेक सुटून वर येत होते आणि वर फेस धरला होता.

आतून फेलिसा ओरडली, "नानाय! नानाय गं!" लुमिंग नकळत एक पाऊल पुढं झाली. बुडबुडे जोरात येतायत असं तिला वाटलं. तिनं पाऊल मागं घेतलं. कमी झाले का? आणखी एक पाऊल मागं. कमी झाल्यासारखे वाटले. ती बाटलीवरची नजर न काढता मागं मागं सरकत गेली, आणि अंगणातल्या सगळ्यांनी जागा करून दिली. काठाशी आल्यावर बाटली दिसेनाशी झाली. तेव्हा ती वळली आणि होडीत बसली. लेक आत आईच्या नावानं ओरडत होती आणि आई तिच्यापासून पळत होती, तिच्याच भल्यासाठी.

ती नदीच्या मध्यावर असताना बाळ रडलं. अंगणात एकदम कालवा झाला. क्रिसान्ताचा आवाज सगळ्यांच्या वर होता, "बघितलंत? ती गेली आणि पोरगी सुटली!"

लुमिंगनं वल्हं मांडीवर ठेवलं, क्रुसाची खूण केली आणि म्हणाली, बरं झालं मी निघाले. हे तिनं मनापासून म्हटलं. होडी प्रवाहाबरोबर थोडी खाली वाहत गेली, तरी तिला भान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं आपली एकच कोंबडी कापली, कच्ची पपई आणि शेवग्याचा पाला घालून बाळंतिणीचं कालवण केलं आणि पातेलं पलीकडच्या पायऱ्यांवर ठेवून आली. तिनं आपल्या काठावरून पाहिलं. क्रिसान्तानं काठीनं पातेलं उलटं केलं आणि डुकरानं सगळं खाल्लं. डुक्कर चांगलं धडधाकट राहिलं, पण त्यावरून कुणी काही ठरवलं नाही.

मुलगा की मुलगी, हेही तिला कुणी सांगितलं नाही. पलीकडच्या दोरीवर वाळत घातलेल्या दुपट्यांवरून कळतं का, म्हणून ती बघत बसायची. झापांचा ढीग आढ्याला लागला होता. कुणी घेणार नव्हतं, तरी ती शिवतच होती, कारण हात रिकामे राहिले की काय करायचं ते तिला येत नव्हतं.

मग बुलाकच्या डोळ्यात कुसळ गेलं. म्हैस दोन दिवस डोळा मिटून, मान खाली घालून उभी होती, पाण्याची धार लागली होती. लुमिंगनं करवंटीत मीठपाणी केलं, फडकं घेतलं आणि म्हशीचं डोकं काखेत आवळून धरलं. "उघड गं बये. उघड. मारत नाही मी तुला." पापणी वर केली. कुसळ कोपऱ्यात होतं. ते काढायला ती अगदी जवळ गेली, नाकाला म्हशीचा श्वास लागेल इतकी.

डोळ्यात एक बाई होती. टोपी घातलेली, बारकी, बांबूच्या टोपीची कड फाटलेली. डोकं वर, पाय खाली.

लुमिंग थबकली. तिनं मान तिरकी केली, बाईनं मान तिरकी केली. कितीतरी आठवड्यांनी कुणाच्यातरी डोळ्यात ती दिसत होती. तिला रडू आलं आणि हसूही आलं, आणि बुलाकनं कान झाडले.

कुसळ निघाल्यावर तिनं सहज मान मागं घेतली आणि पुन्हा पाहिलं. बाई नाही. ती पुढं झाली, वीतभर अंतरावर आली. बाई होती. हातभर मागं सरकली. नुसता काळा गोटा, त्यात उजेडाचा एक ठिपका. तिनं चार वेळा करून पाहिलं. वीतभरावरून बाई, हातभरावरून काही नाही. उलटं नाही, सुलटं नाही.

नदीच्या पायऱ्या. ती वर, बालबिना खाली पाण्याशी, मध्ये पाच-सहा पायऱ्या. आजीनं धरून ठेवलेलं. जवळ कोण जाऊ देणार होतं?

मग मी पाहिलं काय?

ती तिथंच गोठ्यात शेणात बसली. लाल झगा वर, डोकं खाली, हे चित्र अजूनही लख्ख होतं. पण त्याच्या मागं काय होतं ते हाताला लागेना. बालबिनानं मान वर केली, आणि? आजीनं विचारलं, आणि? ती पुन्हा पुन्हा त्या पायरीशी जायची आणि तिथून पुढं आजीचा आवाजच ऐकू यायचा. म्हैस तिच्या खांद्याला ओलं नाक घासत राहिली.

उन्हाचा कडाका तसाच होता. एका दुपारी कुत्रं भुंकलं म्हणून लुमिंगनं वर पाहिलं, तर फेलिसा चिखलातून येत होती. एका हातात पायातल्या सपाता, दुसऱ्या हातावर गाठोडं. लुमिंग उठली आणि तिथंच उभी राहिली. पुढं जावं की मागं, ते तिला कळेना.

"बस की," फेलिसा म्हणाली आणि फळीवर, नेलियाच्या जागी, येऊन टेकली. "मुलगी आहे. तुला कुणी सांगितलं नसेल."

"नाही."

"सासू मामाकडे गेलीय. सेल्सोला सांगून आलेय, तो काही बोलला नाही." तिनं दुपटं उघडलं. मुलगी लालबुंद झाली होती, मानेवर, काखेत, पाठीवर घामोळंच घामोळं. "पत्र्याखाली भाजून निघते गं पोर. दुपारी आत बसवत नाही. रात्रभर रडते. झापं हवीत मला, पत्र्याच्या वर घालायला."

लुमिंग वळून ढिगाशी गेली. "ही घे. ही दुहेरी टाक्याची आहेत. सासू काय म्हणेल?"

"म्हणेल काहीतरी." फेलिसानं बाळाच्या मानेवर फुंकर घातली. मग म्हणाली, "नानाय, ते तेल रोज फसफसतं."

"काय?"

"बाटलीतलं तेल. रोज दुपारी, पत्रा तापला की. मी पडल्या पडल्या बघते ना, दुसरं काय करायचं. संध्याकाळी शांत होतं. सासूला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे तुझी आई रोज दुपारी येते. दिसत नाही एवढंच."

दोघींना एकदम हसू फुटलं, आणि ते जसं आलं तसं थांबलं. फेलिसाचं तोंड वेडंवाकडं झालं.

"मी हाका मारत होते गं तुला."

"ऐकल्या."

"मग गेलीस का?"

"मला पण दिसलं ते," लुमिंग म्हणाली. "बुडबुडे. मला वाटलं, माझ्यानंच होतंय."

फेलिसानं बाळाला मांडीवर नीट घेतलं. "मला बघायचंय," ती म्हणाली. "तुझ्या डोळ्यात. आज मी त्यासाठीच आलेय. झापांसाठी पण आलेय, पण त्यासाठी आलेय."

इतके आठवडे लुमिंगनं एवढंच मागितलं होतं. भर अंगणात, सगळ्यांसमोर मागितलं होतं. आता लेक समोर बसली होती आणि तिनं डोळे गच्च मिटले.

"नको," ती म्हणाली.

"का?"

"दिसलीस तर?"

"नानाय."

"तुझ्या मांडीवर पोर आहे. आईकडून लेकीकडे जातं म्हणतात. नको बघूस. झापं घे आणि जा, भरती येईल."

"डोळे उघड." फेलिसाचा आवाज चढला, लहानपणी औषध पाजताना लुमिंगचा चढायचा तसा. "किती वेळ बसायचं मी? उघड म्हणते ना."

लुमिंगला तिचा श्वास गालावर लागला. दुधाचा वास आला. एवढ्या जवळ कुणी आलं नव्हतं, सणापासून नाही. तिनं डोळे उघडले.

फेलिसाचं तोंड वीतभर अंतरावर होतं. तिची नजर ह्या डोळ्यातून त्या डोळ्यात जात होती, कपाळावर आठी होती, अवघड टाका घालताना तिच्या कपाळावर असायची तीच. दोघींच्या मध्ये चिरडल्यासारखं बाळ कुरकुरलं. फेलिसा हलली नाही.

"काय दिसतं?" लुमिंगनं विचारलं.

"थांब."

"सांग गं, काय दिसतं?"

"काहीच दिसत नाही," फेलिसा म्हणाली. "पाणी आलंय तुझ्या डोळ्यात. नुसतं पाणीच आहे."

नदीची पायरी, खालची म्हातारी, हातातलं पिळलेलं धुणं, वर झालेला चेहरा. इतके दिवस जे हाताला लागत नव्हतं ते आपल्या पायानं चालत आलं.

"तिच्याही," ती म्हणाली.

"कुणाच्या?"

"बालबिनाच्या. तिच्याही डोळ्यात पाणीच होतं गं. मी दुसरं काही पाहिलं नाही."

फेलिसानं बाळाच्या दुपट्याचं टोक घेतलं, आईचे दोन्ही डोळे पुसले, आणि पुन्हा बघायला वाकली.